सातवं गाणं घेऊन बेंगळुरूला

बेंगळुरूला हवेसाठी जावं, कॉफीसाठी जावं, लेकीचं बाळंतपण करायला जावं. गाणं ऐकायला जाऊ नये, आणि आपल्याच घरातलं गाणं ऐकायला तर मुळीच जाऊ नये. मी गेले, चार दिवस राहिले आणि परत आले. येऊन दोन महिने झाले. आता लिहायला बसलेय, कारण तोंडानं सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि समोरचा माणूस म्हणतो, "जाऊ द्या हो काकू." जाऊ द्यायचं असतं तर मी कागद घेऊन कशाला बसले असते?

मिरज

आधी कशासाठी गेले ते सांगते. माझे यजमान, माधव, गाणं शिकवायचे. मिरजेत अर्ध्या घरांत गाणं शिकवतात आणि उरलेल्या घरांत तंबोरे बनवतात, असं ते स्वतःच म्हणायचे. मी गाण्यातली नव्हे. माझा गळा असा, की गणपतीच्या आरतीला नातेवाईक मुद्दाम माझ्या हातात झांजा देतात, म्हणजे तोंड जरा मिटून राहील. माझं काम जपानीचं. तरुणपणी पुण्यात ती भाषा शिकले आणि सगळी हयात कारखान्यांसाठी जपानी यंत्रांच्या पुस्तकांचं मराठी करण्यात घालवली. बोल्ट किती पिळायचा, तेल कधी बदलायचं, हात कुठं घालायचा नाही. त्या भाषेत कविताही लिहितात हे मी विसरूनच गेले होते.

मग एका जुन्या संग्रहात मला सात कविता सापडल्या. प्रत्येकी पाचच ओळी. एक बाई दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत कुणाची तरी वाट बघते, एवढाच विषय. लिहिणारी शेकडो वर्षांपूर्वीची कुणीतरी, तिचं नाव कुठंच नाही. मी त्यांचं मराठी केलं आणि चहा पिताना यांना वाचून दाखवलं. चहा गार झाला. पहिल्या कवितेत ती म्हणते, येतो म्हणालास, कुठल्या संध्याकाळी ते मी विचारलं नाही, म्हणून आता रोजच संध्याकाळ होते. यांनी ती ओळ मला पुन्हा पुन्हा वाचायला लावली.

पुढची दोनेक वर्षं घरात दुसरं काही वाजलं नाही. सात कवितांच्या सात बंदिशी झाल्या, पूरियापासून ललतपर्यंत, म्हणजे सांजेच्या रागापासून पहाटेच्या रागापर्यंत. रात्र जशी पुढं सरकेल तसं एकेक गाणं. सगळी मिळून एकच मोठं गाणं व्हावं, असं यांच्या मनात होतं.

आता ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. बंदिश बांधणारा माणूस आपलं नाव किंवा टोपणनाव शेवटच्या ओळीत गुंफून ठेवतो. त्याला मुद्रा म्हणतात. मग गाणारा कुणी का असेना, ओळीबरोबर नाव गायलं जातं. मी यांना म्हटलं, मुद्रा घाला. तर म्हणाले, "जिचे शब्द तिचं नाव राहिलं नाही, आणि माझं मी घुसडू? पाच ओळींत जागा तरी आहे का?" मी म्हटलं, "जागा मी करून देते, भाषांतर माझंच आहे." नुसते हसले आणि अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसले. माणसाची तत्त्वं त्याच्याबरोबर जात नाहीत. मागं राहिलेल्या बायकोला ती निस्तरत बसावी लागतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

यांनी ही गाणी एकाच मुलीला शिकवली. मृणाल. अथणीकडची, घरात मराठी आणि शाळेत कन्नड, बोलता बोलता कधी इकडून तिकडं जाईल नेम नाही. आमच्याकडं राहून शिकली, आमच्यातच जेवली, तिच्या वेण्या मी घातल्या. सहा गाणी झाली आणि तिला बेंगळुरूला नोकरी लागली. सातवं त्यानंतरचं. ते हे पहाटे अंथरुणात उठून बसून गुणगुणायचे आणि मी शेजारी डोळे मिटून पडलेली असायचे. त्यातलं प्रत्येक वळण मला पाठ झालं. "फोनमध्ये भरून ठेवू का?" विचारलं तर म्हणायचे, "शिकवल्याशिवाय गाणं पुरं होत नाही. मृणालला येऊ दे." ती सुट्टीची जमवाजमव करत राहिली आणि हे गेले.

म्हणजे सातवं गाणं या जगात एकाच ठिकाणी राहिलं, माझ्या डोक्यात.

यंदा मृणालचा फोन आला. जयनगरला आपल्या कवितांचा कार्यक्रम आहे, आत्ता सहाच गाते, पण पुढं रेकॉर्डिंग व्हायचंय, त्यात सातही हवीत. "काकू, सातवं जरा गुणगुणून पाठवा ना फोनवर." मी म्हटलं, "ते काय दुधाचं बिल आहे का फोनवरनं पाठवायला? गाणं समोर बसून देतात. मी येते." दोन गोष्टी मनाशी धरून निघाले. सातवं तिच्या हवाली करायचं, आणि भरल्या सभेत यांचं नाव ऐकायचं. दुसरं काही मागायचं नव्हतं मला.

बनशंकरी

रेल्वेतल्या रात्रीबद्दल लिहीत नाही, घोरणारे सगळीकडं सारखेच. उतरल्यावर रिक्षावाल्याशी मी कन्नडमध्ये बोलले. मिरजेच्या माणसाला बाजारापुरतं कन्नड येतंच. पण आमचं ते उत्तरेकडचं, राकट. त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "अम्मा, हुब्बळ्ळी?" मी मिरज म्हटलं. त्याला मिरज कुठं ते माहीत नव्हतं. मला मुक्काम होता बनशंकरी थर्ड स्टेजला, त्यानं मला उतरवलं सेकंड स्टेजला, आणि मी एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात भडंगाची पिशवी घेऊन उन्हात उभी राहिले. भडंग मृणालसाठी. आमच्याकडं असताना ती दाराआड उभी राहून डब्यातनं बचकाभर खायची.

उतरले होते पद्माक्कांकडं, यांच्या मावसभावाच्या पत्नी. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. पूर्वज कुठल्याशा स्वारीबरोबर आले आणि हवा आवडली म्हणून राहिले, असं त्या सांगतात. त्या पूजा मराठीत करतात आणि हिशेब कन्नडमध्ये. दार उघडल्या उघडल्या म्हणाल्या, "या या सुलभाक्का. स्वल्प दम घ्या, आधी काफी." स्वल्प म्हणजे थोडं, हे पहिल्या पाच मिनिटांतच कळतं, कारण इथं सगळंच स्वल्प असतं. स्वल्प थांबा, स्वल्प सरका, स्वल्प वाढू का.

जेवायला सांबार होतं, त्यात गूळ. मिरजेच्या जिभेला ते औषधासारखं लागलं. मी तिखट मागितलं तर त्यांनी चटणीपुडीचा डबा पुढं सरकवला, ती मात्र झकास होती. दुसऱ्या दिवशी न्याहारीला चित्रान्न केलं, पिवळा फोडणीचा भात, वर लिंबू पिळलेलं आणि शेंगदाणे घातलेलं. आमच्याकडं फोडणीचा भात म्हणजे रात्रीचा उरलेला, पाहुण्यापुढं ठेवायची लाज वाटते. इथं तो पाहुण्यासाठी मुद्दाम ताजा भात लावून करतात.

मृणालनं कार्यक्रमाची पत्रिका फोनवर पाठवली होती. मी ती पद्माक्कांना कौतुकानं दाखवली. त्यांनी चष्मा चढवून सगळी वाचली. वर मृणालच्या बेंगळुरूतल्या गुरूंचा फोटो, खाली तिचा, कोपऱ्यात माझं नाव, शब्द म्हणून.

"ह्याच्यात माधवांचं नाव कुठं आहे, अक्का?"

"असल्या पत्रिका कुणीही बनवतं हो. ती मंचावर सांगेल."

"सरी," त्या म्हणाल्या आणि फोन मला परत दिला. सरी म्हणजे ठीक. पण त्यांच्या त्या सरीत ठीक फारसं नव्हतं.

दुपारी त्यांनी मला देवीला नेलं. बनशंकरीच्या देवळात राहुकाळात लिंबाचे दिवे लावतात. लिंबू कापून, पिळून, साल उलटी करून त्याची वाटी करायची, तीत तूप आणि वात. आमच्याकडं राहुकाळ फक्त कॅलेंडरात असतो, आणि ज्याच्या तो लक्षात राहतो तो त्या वेळी काही करायचं टाळतो. इथं बायका नेमक्या त्याच वेळेला रांग लावतात. वाईट वेळ टळत नसेल तर तिच्यातच जाऊन देवीला गाठावं, असा हिशेब असावा. मीही दिवा लावला. देवीला सरळ सांगितलं, उद्या यांचं नाव घेतलं जाऊ दे. माझ्या सालीची वाटी कलंडली आणि तूप पद्माक्कांच्या पदरावर सांडलं. त्या म्हणाल्या, "असू दे, असू दे." मला मात्र ते बरं वाटलं नाही.

जयनगर

पत्रिकेवर साडेपाच होतं आणि कार्यक्रम साडेपाचला सुरू झाला. मिरजेत साडेपाच म्हणजे सतरंज्या घालायची वेळ. आम्ही धावतपळत पोचलो तर बायका रेशमी साड्यांत, केसांत मोगरा, हातात कॉफीचे छोटे पेले घेऊन आधीच येऊन बसलेल्या. दारात मृणाल भेटली. वाकून पाया पडली, गळ्यात पडली, "काकू, बारीक झालात" म्हणाली. तेवढ्यानंच माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मग ती मला पहिल्या रांगेत घेऊन गेली. तिथं तिच्या हल्लीच्या गुरू बसल्या होत्या. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही तेच म्हणते. पांढरे केस, ताठ पाठ, मराठी अगदी स्वच्छ.

"बाई, ह्या सुलभाकाकू. कवितांचं भाषांतर ह्यांचं."

मी पुढच्या वाक्याची वाट बघितली. पुढचं वाक्य आलं नाही. मृणाल घाईघाईनं मंचावर गेली.

गाणाऱ्यांच्यात एक रीत आहे. गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचा. मृणालनं माईकवर बाईंचं नाव घेतलं, कानाला हात लावला, सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मी तिच्या उजव्या हाताकडं बघत बसले. हात खाली गेला तो तंबोऱ्यावर. पुन्हा वर आला नाही.

आणि मग तिनं पूरिया सुरू केला. काय गायली म्हणून सांगू. रोजच संध्याकाळ होते, या ओळीवर हे जसे सूर लांबवत न्यायचे आणि शेवटी हात झटकल्यासारखा सोडून द्यायचे, तसंच सगळं. यांचा श्वास होता त्यात. मला वाटलं, मागं वळून बघावं, बसले असतील कुठंतरी शेवटच्या रांगेत, पायावर पाय टाकून. तिसरं गाणं बिहागातलं. शेजाऱ्याच्या झाडाची फळं माझ्या अंगणात पडली, ती मी वेचून परत देऊन आले, पण सावली पडते तिचं काय करू, अशी कविता. त्या गाण्याला मागच्या बायकांनीही माना डोलावल्या, ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांनीसुद्धा.

बाई माझ्याकडं झुकून म्हणाल्या, "काय सुंदर बांधलंय मुलीनं."

"कुणी बांधलंय?"

"मृणालनं. तुम्हाला नाही बोलली?" आणि अभिमानानं पुढं म्हणाल्या, "आधी कुणाकडंच शिकलेली नाही हो ती. मी दुसऱ्याच्या हाताखालून आलेला गळा घेतच नाही. भाजलेल्या मडक्याला पुन्हा आकार देता येत नाही."

आमच्या घरात ती राहिली, सकाळी उठून खर्ज लावत बसली, यांनी ओरडून ओरडून तिचा आवाज घडवला, आणि ती कुणाकडंच शिकलेली नाही. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण मी हजारदा वापरली असेल, पण वैद्याच्या घरचं माणूस असलं की ती कशी लागते ते त्या खुर्चीत कळलं. बाईंवर मात्र मला राग धरता येईना. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

सहा गाणी झाली. सातव्याच्या जागी मृणालनं एक कन्नड भजन गायलं आणि लोक खूश झाले. मग माझा सत्कार. शाल, श्रीफळ, चंदनाचा हार, डोक्यावर म्हैसुरी पेटा आणि वर फळांची करंडी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा शालीतूनही देता येतो. निवेदिका म्हणाली, मॅडम, जपानीत दोन शब्द बोला. माईक माझ्या हातात. समोर बाई. बाजूला मृणाल, आणि तिच्या तोंडावरचा रंग पार उडालेला. एक वाक्य बोलायचं होतं, ही गाणी माधवची आहेत. तेवढ्यासाठी मी रात्रभर रेल्वेत बसून आले होते. पण त्या मुलीचे डोळे मी तापात पुसलेले आहेत, आणि ते आत्ता नेमके तसेच दिसत होते. शेवटी मी यंत्राच्या पुस्तकातलं तोंडपाठ वाक्य जपानीत म्हटलं, झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करावी. लोकांना ती कविता वाटली. फार टाळ्या पडल्या.

रिक्षात पद्माक्का म्हणाल्या, "तिनं घेतलं नाही नाव. तुम्ही तरी का नाही घेतलंत?"

"उद्या तिच्या घरी बोलते," मी म्हटलं. पेटा माझ्या मांडीवर होता आणि तो कुठं ठेवावा मला कळत नव्हतं.

पुन्हा जयनगर

मृणालचं घर चांगलं आहे. बाल्कनीत तुळस, भिंतीवर बाईंचा फोटो. यांचा नाही. नवरा कामावर के. आर. पुरमच्या बाजूला जातो, म्हणजे सकाळी गेला की दिवेलागणीला येणार. आम्ही दोघीच. तिनं बिसीबेळे भात केला होता, वर साजूक तूप, भाजलेले काजू. मी दोन घास खाल्ले. भडंगाची पिशवी पुढं ठेवली. तिनं तिथल्या तिथं फोडली, मूठभर तोंडात टाकली आणि तिखटानं ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी तिखटाचंच होतं का, ते मी विचारलं नाही.

"काकू, रागावलात."

"रागावू नको तर काय ओवाळू तुला?"

"मी कुठंच म्हटलेलं नाही की मी बांधलंय."

"मग बाईंना काय स्वप्न पडलं?"

"त्या धरून चालल्या. मी फक्त नाही म्हटलं नाही." ती ताटाकडं बघत बोलत होती. "इथं आले तेव्हा मला कुणी विचारत नव्हतं, काकू. दिवसभर ऑफिस, आणि आठवड्यातनं एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये भजन. बाईंकडं गेले तर पहिलाच प्रश्न, आधी कुणाकडं शिकलीस. काकांचं नाव सांगितलं असतं तर त्यांनी उंबऱ्यातनंच परत पाठवलं असतं. मी म्हटलं, घरी ऐकून ऐकून शिकले. तुमचं घर म्हणजे माझं घरच ना? ते अगदी खोटं नव्हतं."

"नव्हतंच की. जेवूनखाऊन, राहून ऐकलंस."

"आता सांगितलं तर बाई मला दारात उभं करणार नाहीत. माझं सगळं गाणं जाईल. आणि काकांनीच मुद्रा नाही घातली ना? त्यांना नाव नकोच होतं. ते असते तर हसले असते."

"हसलेच असते," मी म्हटलं. "म्हणून तर रागवायचं काम माझ्याकडं आलंय."

ती रडली. मी तिला रडू दिलं. पूर्वी पाठीवर हात ठेवला असता. मग तिनं डोळे पुसले आणि शब्द मोजून म्हणाली, "बाई आहेत तोवर मला वेळ द्या. नंतर मी जाईन तिथं सांगेन, प्रत्येक मैफलीत. शपथ."

"म्हणजे रोज सकाळी उठून मी पेपरात त्यांची बातमी शोधू? त्या बाईनं माझं काय वाईट केलंय?"

तिनं ताटं उचलली, कॉफी केली, आणि फोनवर तंबोरा सुरू केला. आम्ही मिरजेची माणसं. भोपळा वाळवून, पोखरून, तारा चढवून लावलेल्या तंबोऱ्याशेजारी आमचा जन्म गेला. टेबलावर पडलेला फोन षड्ज पंचम गात होता.

"सातवं तरी द्या, काकू." ती खाली बसली, शिकायला बसायची तशी, मांडी घालून. "माझ्यावरचा राग त्या गाण्यावर काढू नका. नाहीतर ते तुमच्याबरोबर जाईल."

खरं होतं तिचं, आणि खरं होतं म्हणूनच ते मला सहन झालं नाही. सातव्या कवितेत ती बाई उजाडताना दिवा मालवायला उठते, तर तो केव्हाच विझलेला असतो. मग इतका वेळ मी कुणाच्या उजेडात बसले होते, असं ती विचारते. या उजेडात शब्दावर यांनी ललतातले दोन्ही मध्यम, म्हणजे शुद्ध आणि तीव्र म, शेजारी शेजारी ठेवले होते. पहिल्यावर थांबायचे, अगदी थोडं, आणि मग दुसरा लावायचे. त्या थांबण्यात सगळी रात्र होती. मला ते सगळं माहीत होतं. माझ्या घशापर्यंत आलं होतं.

मी म्हटलं, "आठवत नाही."

मृणालनं माझ्याकडं बघितलं. ती मला ओळखते, तिला कळलं. म्हणाली, "पहिली ओळ काकांनी एकदा फोनवर ऐकवली होती." आणि स्वतःच गाऊ लागली. पहिली ओळ बरोबर. दुसरीपासून ती अंदाजानं चालली. उजेडात हा शब्द आला तेव्हा थांबली नाही, एका मध्यमावरून दुसऱ्यावर सुरेख घसरत गेली. चूक. पण गळा असा काही लागला होता, की समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणारी शेजारीण हात थांबवून ऐकायला लागली. मृणालनं ते पुन्हा गायलं, पुन्हा गायलं, दर वेळी अधिक सुंदर. माझ्या एका शब्दानं ते सुधारलं असतं. मी कॉफी पीत राहिले.

"असंच होतं ना, काकू?"

"असेल," मी म्हटलं आणि पेला खाली ठेवला.

परत

पद्माक्कांनी निघताना चटणीपुडीची बाटली दिली आणि म्हणाल्या, "पुन्हा या. गाण्याला नको, नुसत्या या." पेटा मी त्यांच्याकडंच ठेवून आले.

गाडीत मला बरं वाटत होतं, हे लिहून टाकते. सूड घेतल्यावर माणसाला वाटतं तसं. सगळी सहा तिनं घेतली, सातवं माझ्याकडं आहे, असं मी खिडकीशी बसून मनातल्या मनात घोळवत होते. मिरजेला उतरल्यावरही दोन दिवस मी अशीच ताठ चालत होते.

तिसऱ्या पहाटे यांच्या जागी अंथरुणात उठून बसले. म्हटलं, विसरायच्या आत रोज एकदा म्हणायचं, गळा कसाही असो. सुरुवात केली. माझ्या गळ्यात दोन्ही मध्यम एकच होतात, ते अपेक्षितच होतं. पण उजेडात शब्दाला मी थांबलेच नाही, घसरत गेले. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. डोळे मिटून यांचा आवाज आठवायला गेले तर कानात मृणाल. रोज पहाटे बसले. थांबायचं हे माहीत होतं, पण कुठल्या श्वासाला, किती, आणि थांबल्यावर सूर हवेत ठेवायचे की खाली ठेवून पुन्हा उचलायचे, ते आता सांगता येईना. तिचं गाणं माझ्या डोक्यात यांच्या गाण्यावर जाऊन बसलं होतं.

परवा मृणालचा फोन आला. रेकॉर्डिंग पुढच्या आठवड्यात आहे. तिला विचारायचं होतं, सातवं ठेवू ना? मग माझा सगळा ताठा गळून पडला आणि मी म्हटलं, "मृणाल, ते चुकलंय. तू उजेडात वर थांबत नाहीस. तिथं थांबायचं असतं. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही."

ती रागावली नाही. "सांगा ना काकू आता," म्हणाली, आणि लगेच गाऊन दाखवलं. जरासं थांबून. मग जास्त थांबून. मग आणखी एका तऱ्हेनं, सूर तोडून पुन्हा लावून.

"ह्यातलं कुठलं?"

तिन्ही सुंदर होती. तिनं पुन्हा एकदा तिन्ही गायली, सावकाश, मला नीट ऐकू यावं म्हणून. मी फोन कानाला घट्ट धरून ऐकत राहिले, आणि मला यांचं कुठलं ते ओळखता आलं नाही.